डोळ्यांत थेंब टाकण्यापूर्वी...

होस्टेलमध्ये काही वस्तू कोणा एकाच्या मालकीच्या नसतात. बादली, इस्त्री, ड्राफ्टर आणि पावसाळा लागला की डोळ्यांच्या ड्रॉप्सची बाटली! एकाला डोळे आले की त्याची बाटली अख्ख्या विंगमध्ये फिरते आणि बाटलीच्या मागोमाग साथही फिरते. जुलै २०२३ मध्ये आळंदीत अशीच साथ आली, हजारोंचे डोळे आले आणि बघता बघता ती महाराष्ट्रभर पसरली. जिथे मुलं एकत्र राहतात, एकाच टॉवेलला हात पुसतात, तिथे हे होणारच. पण त्या फिरत्या बाटलीत नेमकं काय आहे, हे आपल्यापैकी किती जण वाचतात?

मी डॉक्टर नाही, मेकॅनिकलचा विद्यार्थी आहे. पण घरात एक प्रकरण घडलं आणि तेव्हापासून डोळ्यांच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून हा विषय मी समजून घेतला. तोच इथे मांडतो आहे.

ड्रॉप्स दिसायला सगळे सारखेच. पण ढोबळमानाने पाहिलं तर कशात अँटिबायोटिक असतं, ते जिवाणू मारतं. कशात नुसता ओलावा देणारं औषध असतं, रात्रभर स्क्रीनसमोर बसून डोळे कोरडे पडले की देतात ते. आणि कशात असतं सूज आणि लाली उतरवणारं, म्हणजे दाहविरोधी औषध. सगळी गंमत आणि सगळा धोका या शेवटच्यात आहे.

दाहविरोधी औषधांतही दोन जाती. पहिली स्टेरॉइडची: डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुओरोमेथोलोन. दुसरी स्टेरॉइड नसलेली: कीटोरोलॅक, फ्लर्बिप्रोफेन, नेपाफेनॅक, ब्रोमफेनॅक. आपल्या भाषेत सांगायचं तर दाह म्हणजे एक पाइपलाइन समजा. इजा झाली की पेशींमध्ये रसायनं तयार होतात, त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ बनतात आणि लाली, सूज, दुखणं सुरू होतं. स्टेरॉइड वरचा मेन व्हॉल्व्हच बंद करतं. दुसरी जात खालचा एक नळ बंद करते. अ‍ॅस्पिरिन हाच नळ बंद करतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता मुद्दा असा, की लाली हा रोग नव्हे. लाली हा पॅनेलवरचा लाल दिवा आहे. दिव्याची वायर कापली म्हणून मशिन दुरुस्त होत नाही. स्टेरॉइडचा थेंब टाकला की दुसऱ्या दिवशी डोळा पांढराशुभ्र! आपण म्हणतो, "काय भारी औषध आहे राव!" पण आत जंतू असतील तर मेन व्हॉल्व्ह बंद झाल्यामुळे शरीराची फौजही थांबलेली असते. हर्पीसच्या विषाणूची किंवा बुरशीची जखम बुबुळावर असेल तर स्टेरॉइडने ती झपाट्याने वाढते आणि कायमचा डाग राहू शकतो. सुट्टीत शेतावर गेल्यावर डोळ्याला पात लागली, काडी लागली, तर आपल्या देशात बुरशीची भीती खरीच असते. अशा डोळ्यात मित्राची बाटली म्हणजे आगीत तेल.

साथीत येणारे डोळे बहुतेक वेळा विषाणूमुळे येतात. त्याच्यावर अँटिबायोटिकही चालत नाही. एक-दोन आठवड्यांत ते आपोआप बरे होतात. थंड पाण्याच्या घड्या, वेगळा टॉवेल आणि वारंवार धुतलेले हात, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

आता घरातलं प्रकरण. माझ्या मामेभावाला लहानपणापासून डोळ्यांना खाज यायची, अ‍ॅलर्जी. एकदा डॉक्टरांनी स्टेरॉइडचे ड्रॉप्स दिले, तेही मोजक्या दिवसांसाठी. लगेच आराम पडला. पुढे खाज आली की घरचे तीच रिकामी बाटली मेडिकलवर दाखवायचे आणि नवी आणायचे. कोणी चिठ्ठी विचारली नाही. अशी दोन वर्षं गेली. डोळे एकदम स्वच्छ, दुखणं शून्य. बारावीनंतर गाडी शिकताना तो बाजूने येणाऱ्या सायकलींना धडकायला लागला, तेव्हा तपासणी झाली. डोळ्याचा दाब असायला हवा साधारण १० ते २१, त्याचा निघाला ३८. काचबिंदू. उजव्या डोळ्याची बाजूची नजर गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, "उरलेली सांभाळू, गेलेली परत आणता येणार नाही."

हे कसं होतं? डोळ्यात एक द्रव सतत तयार होतो आणि एका बारीक जाळीतून बाहेर पडतो. स्टेरॉइडमुळे ती जाळी चोंदते. इनलेट चालू, आउटलेट चोक, दाब वाढणारच! आणि तो हळूहळू वाढत असल्यामुळे दुखत नाही. चार-सहा आठवडे नियमित थेंब टाकले तर साधारण तिघांतल्या एकाचा दाब थोडाफार वाढतो, शंभरांत पाचेक जणांचा खूपच. आपण त्या पाचांत आहोत की नाही, हे दाब मोजल्याशिवाय कळत नाही. फार दिवस वापरलं तर तरुणपणीच मोतीबिंदूही होतो.

मग स्टेरॉइड वाईट का? मुळीच नाही. डोळ्याच्या आतला दाह असो की बुबुळरोपण, ही औषधं नजर वाचवतात. डॉक्टरांनी दिलं असेल तर घ्याच, आणि मध्येच सोडूही नका. ते पायरीपायरीने कमी करायचं असतं, एकदम थांबवलं तर दाह उसळतो. स्टेरॉइड नसलेल्या जातीने दाब असा वाढत नाही, पण ती दुखणं दाबते, आणि फार वापरली तर बुबुळ पातळ पडू शकतं, विशेषतः डोळे कोरडे असतील तर. म्हणजे तीही गोळ्या-बिस्किटांसारखी वाटण्याची वस्तू नव्हे.

बाटली कशी ओळखायची? अँटिबायोटिकच्या नावापुढे डी, डीएक्स, पी, एलपी अशी शेपटी असेल तर आत बहुधा स्टेरॉइडही असतं. 'केटी' असेल तर बहुधा कीटोरोलॅक. पण शेपटीवर विसंबू नका, खाली बारीक अक्षरांत लिहिलेले घटक वाचा. लाल 'आरएक्स' म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही.

टाकायची पद्धतही सांगतो. हात धुवा. लेन्स असेल तर काढा, पुन्हा घालायला निदान पंधरा मिनिटं थांबा. औषध दुधाळ असेल तर बाटली हलवा. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका. डोळ्यात एका थेंबापुरतीच जागा असते, दुसरा गालावरून मेसच्या ताटात! मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरं औषध पाच मिनिटांनी. टोक पापणीला लावू नका. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा आणि महिन्याने ती टाकून द्या, अर्धी भरलेली असली तरी. आणि एक बाटली, एक माणूस!

डोळा नुसता लाल नसून दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल, दिव्याभोवती वलयं दिसत असतील, तुम्ही लेन्स वापरत असाल किंवा वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग करताना काही उडालं असेल, तर कोणतेही ड्रॉप्स न टाकता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. सबमिशन दुसऱ्या दिवशीही होतं.

रेक्टर सर आणि ऑफिसच्या मंडळींनाही एक विनंती. प्रथमोपचार पेटीत कुणाच्या उरलेल्या ड्रॉप्सच्या बाटल्या असतील तर त्या आजच काढून टाकाव्यात. त्यांच्या जागी स्वच्छ सलाइन आणि जवळच्या नेत्रतज्ज्ञांचा फोन नंबर ठेवावा. आपल्या घरी किंवा रूमवर कुणी महिनोन्‌महिने तेच ड्रॉप्स टाकत असेल, तर त्याला एवढंच विचारा, "डोळ्याचा दाब शेवटचा कधी मोजलास?"