डिजिटल व्हिडिओ गेमच्या ‘की’ आणि प्रादेशिक निर्बंध : एक आकलन

हिंजवडीलगतच्या पुनावळ्यातील एखाद्या तरुणास परदेशस्थ नातेवाइकाने व्हिडिओ गेमची ‘की’ पाठविली, तर ती येथे चालेलच असे नाही. ‘की’ म्हणजे अक्षरे व अंक यांचा सांकेतिक क्रम होय. तो ‘स्टीम’सारख्या मंचावरील खात्यात नोंदविल्यावर गेम वापरण्याचा परवाना मिळतो, मालकी मिळत नाही. काही की ठरावीक देशांबाहेर नोंदविताच येत नाहीत, तर काही नोंदविल्या जातात, पण गेम सुरू होत नाही. दुसरा प्रकार अधिक जाचक, कारण त्यात की खर्ची पडून हाती काहीच उरत नाही.

याचे मूळ किंमतभेदात आहे. स्वस्त बाजारातील की महाग बाजारात जाऊ नये, हा प्रकाशकांचा हेतू सर्वस्वी गैर म्हणता येत नाही. तथापि पोलंड, हंगेरी आदी देशांतील की अन्य सदस्य देशांत रोखल्याबद्दल युरोपीय आयोगाने जानेवारी 2021 मध्ये स्टीमची मालक व्हॉल्व्ह व पाच प्रकाशक यांना एकूण सुमारे 78 लाख युरो दंड केला. व्हॉल्व्हचे आव्हान 2023 मध्ये फेटाळले गेले. त्या निर्णयाचा पाया युरोपच्या एकसंध बाजारपेठेत असल्याने भारतीय ग्राहकास त्याचा उपयोग नाही. त्याला ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधील माहितीच्या हक्काकडेच वळावे लागते : की कोणत्या देशांत चालेल, हे विक्रेत्याने खरेदीपूर्वी स्पष्ट केले होते काय?