‘वाचाळ’ : एका शब्दाचा न्याय

पुष्कळ बोलणारा तो वाचाळ, असा अर्थ आपण सहज सांगतो; परंतु तो पुरा नव्हे. घटकाभर अखंड बोलणाऱ्या कीर्तनकारास कोणी वाचाळ म्हणत नाही. भलत्या ठिकाणी दोनच वाक्ये बोलणाऱ्यास मात्र म्हणतात. या शब्दाने बोलण्याचे माप नव्हे, मोल ठरते.

हा भेद जुना आहे. पाणिनीने ‘वाच्’पासून ‘वाग्मी’ साधला आणि लगतच्याच सूत्रात बहुभाषी या अर्थी ‘वाचाल’ व ‘वाचाट’ हे शब्द साधले. पुढे व्याकरणपरंपरेने पुस्ती जोडली, की हे दोन शब्द निंदेपुरतेच समजावेत; पुष्कळ परंतु चांगले बोलणारा वाग्मीच होय. तथापि प्रयोगाने हा निर्बंध सर्वत्र पाळला नाही. गीतापठणापूर्वीच्या प्रसिद्ध ध्यानश्लोकात भगवत्कृपेने मुका ‘वाचाल’ होतो. तेथे निंदेचा लेशही नाही.

मराठीत ‘ल’चा ‘ळ’ झाला आणि निंदा दृढ झाली. हा दोष शब्दान्तीच्या ‘आळ’चा म्हणावा, तर ‘रसाळ’ व ‘मधाळ’ हे स्तुतीचेच शब्द आहेत. खरे कारण शेजाऱ्यांत आहे. लाडके पोर ‘बडबडे’, कृतीवाचून बोलणारा ‘बोलघेवडा’, उर्मटपणे भांडणारा ‘तोंडाळ’, भाव प्रकट करणारे डोळे ‘बोलके’. अशी वाटणी झाल्यावर ‘वाचाळ’च्या वाट्यास उरला तो असंयमाचा ठपका. आजच्या वृत्तपत्रांतील ‘वाचाळवीर’ त्याचाच वंशज.

अनुवादकास येथेच चकवा बसतो. हिंदीतील ‘वाचाल’ निंदेबरोबरच वाक्पटुत्वही सुचवू शकतो. एका हिंदी कथेतील चुणचुणीत मुलीस प्रस्तुत लेखकाने एकदा ‘वाचाळ’ केले. अक्षरे जवळजवळ तीच राहिली. पण मूळ निवेदकाचे कौतुक मराठीत दूषण झाले. तेथे ‘बोलकी’ हवे होते.

म्हणून हा शब्द योजण्यापूर्वी कोण कोणास म्हणतो, हे पाहिले पाहिजे. सासऱ्याचे लांबलचक बोलणे अनुभवाचे ठरते. सुनेचे एक उत्तर तिला वाचाळ ठरविते. हा निवाडा पात्राच्या तोंडी असेल, तर त्यातून ते घर कळते. तोच निवेदनात शिरला, तर लेखकच त्या घराचा पक्षकार होतो. मुळात नसलेला असा पक्ष अनुवादकाने पत्करणे हा केवळ शब्दनिवडीचा प्रमाद नव्हे. बोलणाऱ्याचा बोलण्याचा अधिकारच त्याने नकळत काढून घेतलेला असतो.