घर दूर असले, तर शिष्यवृत्ती किती?

प्रिय बंधुभगिनींनो,



गेल्या जून महिन्यात धानोरा तालुक्यातल्या एका गावच्या ताई आमच्याकडे आल्या. वय चौतीस. बारावी होऊन सोळा वर्षे झालेली. घरी नवरा, दोन मुले आणि म्हातारी सासू. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, पावसाळ्यात धानाची शेती. गावच्या बचत गटाचा हिशेब त्याच ठेवतात. त्यांना बी. ए. करायचे होते. गडचिरोलीच्या महाविद्यालयात प्रवेश मिळेल हे त्यांनी आधीच विचारून घेतले होते. त्यांचा प्रश्न एकच होता : "आमचं गाव चौतीस किलोमीटर दूर आहे. दूर असल्याचे काही जास्तीचे पैसे मिळतात का?"

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर साधे नाही. आपल्या मंडळ्यांमधूनही असे प्रश्न येतात आणि शिक्षणासाठी अर्पण देणारे अनेक जण विचारतात, "सरकार शिष्यवृत्ती देते, मग आपली मदत कशाला?" म्हणून या अंकात हा विषय नीट समजून घेऊ.

अंतर नव्हे, मुक्काम

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला दहावीनंतर मिळणारी मुख्य मदत म्हणजे भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. तिचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असावे लागते. या शिष्यवृत्तीत दोन भाग असतात : एक महाविद्यालयाची फी आणि दुसरा निर्वाह भत्ता.

निर्वाह भत्ता ठरवताना गाव किती किलोमीटरवर आहे हे कोणी मोजत नाही. विद्यार्थी वसतिगृहात राहतो की घरून येतो, एवढेच पाहिले जाते. २०१० साली ठरलेल्या दरांप्रमाणे बी. ए., बी. कॉम. सारख्या साध्या पदवीला वसतिगृहात राहणाऱ्यास महिन्याला ५७० रुपये आणि घरून येणाऱ्यास ३०० रुपये. अकरावी-बारावीला हेच आकडे ३८० आणि २३०. वैद्यकीय, अभियांत्रिकीसारख्या पदवीला १२०० आणि ५५०. ज्याला राहणे-जेवण फुकट मिळते, त्याला वसतिगृहाच्या दराच्या एक तृतीयांश रक्कम मिळते.

नियम करणाऱ्यांचा विचार सरळ होता. घरी राहणाऱ्याला जेवण घरचेच, म्हणून त्याला कमी द्यावे. बाहेर राहणाऱ्याचा खर्च जास्त, म्हणून त्याला जास्त द्यावे. शहरात हे बऱ्यापैकी जुळते. तिथे घरून येणारा म्हणजे दोन-चार किलोमीटरवरून येणारा. आपल्या जिल्ह्यांत तसे नाही.

गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. १९८२ मध्ये तो चंद्रपूरपासून वेगळा झाला. सिरोंचाहून गडचिरोलीला यायचे तर दोनशे किलोमीटरच्या वर प्रवास होतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. इथे घरून येणारा विद्यार्थी म्हणजे पहाटे उठून नाल्यातून चालत फाट्यावर येणारा आणि तिथे लालपरीची वाट पाहणारा विद्यार्थी.

आमच्या ताईंचा हिशेब मांडून पाहिला. एसटीचा विद्यार्थी पास काढला तर भाड्यात ६६.६७ टक्के सवलत मिळते. मार्च २०२३ पासून महिलांना एरवीही अर्धे तिकीट आहे. तरी पास काढून त्यांना महिन्याला आठशेच्या आसपास लागणार होते. निर्वाह भत्ता तीनशे. म्हणजे शिक्षण फुकट, पण शिक्षणापर्यंत पोचायला दर महिन्याला पदरचे पाचशे रुपये. शिवाय भत्ता वर्षाच्या शेवटी किंवा त्याही नंतर खात्यात येतो, पास मात्र पहिल्या दिवशी काढावा लागतो.

मग वसतिगृह किंवा 'स्वयम्' का नाही?

आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत. त्यांत जागा मर्यादित असतात. ज्यांना जागा मिळत नाही त्यांच्यासाठी राज्य सरकारने २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना सुरू केली. यात विद्यार्थी भाड्याची खोली घेऊन राहतो आणि जेवण, निवास व इतर खर्चाचे पैसे थेट त्याच्या बँक खात्यात येतात. नागपूर, पुणे, मुंबईसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महसुली विभागाच्या शहरांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० आणि तालुक्याच्या ठिकाणी ३८,००० अशी ही रक्कम ठरली. महिन्याला तीनशे रुपयांच्या तुलनेत हा फार मोठा आधार आहे आणि आपल्या भागातली अनेक मुले-मुली त्यावर शिकली आहेत.

इथेही एक गोष्ट लक्षात घ्या. रक्कम ठरते ती महाविद्यालय कोणत्या शहरात आहे त्यावरून, विद्यार्थी कुठून आला त्यावरून नाही. गडचिरोलीजवळच्या गावातून आलेला आणि भामरागडच्या पलीकडून आलेला, दोघांना सारखेच. विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा, एवढीच अंतराची अट. सुट्टीत घरी जाण्याचा खर्च दोघांना सारखा नसतो, हे मात्र कुठेच धरलेले नाही.

आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या योजना घर सोडू शकणाऱ्या तरुण विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून केल्या आहेत. स्वयम् योजनेला वयाची कमाल मर्यादा आहे. वसतिगृहात मुलांसह आईला जागा नसते. चौतीस वर्षांच्या बाईने दोन मुले आणि सासू मागे ठेवून खोली घेऊन राहावे, हे कसे व्हायचे? म्हणजे जिला घर सोडता येत नाही, तिला सगळ्यात कमी पैसे आणि सगळ्यात जास्त प्रवास.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. इंग्लंडमध्येही पालकांच्या घरी राहणाऱ्या विद्यार्थ्याला निर्वाहासाठी कमी कर्ज मिळते, बाहेर राहणाऱ्याला जास्त आणि लंडनमध्ये राहणाऱ्याला आणखी जास्त. पण तिथे मुलेबाळे असलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला मुलांच्या सांभाळासाठी वेगळे अनुदान मागता येते. शिकणारा माणूस आई किंवा बाप असू शकतो, हे तिथल्या नियमात धरलेले आहे. आपल्या नियमात ते यायचे आहे.

मोठ्या वयात अर्ज करताना

एक चांगली बातमी आधी सांगते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत वयाची अट नाही. "आता तुमचे वय गेले," असे कोणी सांगितले तर निराश होऊन परत येऊ नका. मात्र पुढील गोष्टी पाहा.

उत्पन्नाचा दाखला : लग्न झालेल्या आणि नोकरी नसलेल्या स्त्रीच्या बाबतीत नवऱ्याचे उत्पन्न धरतात, वडिलांचे नाही. माहेरचा दाखला जोडल्यामुळे अर्ज परत आल्याचे आम्ही पाहिले आहे.

नाव : शाळेच्या कागदांवर माहेरचे आडनाव आणि आधारवर सासरचे, असे असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदल आधी करून घ्या. जातीचा दाखला मात्र वडिलांकडच्या पुराव्यावरच मिळतो. व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जातवैधता प्रमाणपत्रही लागते.

खंड : शिक्षणात मोठा खंड असेल तर त्याचे कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र मागतात. ते प्रवेशाच्या वेळीच तयार ठेवा.

दुसरी पदवी : एक पदवी झाली असेल आणि पुन्हा त्याच पातळीची दुसऱ्या विषयातली पदवी करायची असेल, तर ही शिष्यवृत्ती मिळत नाही.

बँक खाते : खाते आधारशी जोडलेले आणि चालू असावे. बचत गटाच्या संयुक्त खात्यात शिष्यवृत्ती येत नाही.

आपल्या मंडळीतील काही जण भीतीने विचारतात, "आम्ही ख्रिस्ती आहोत, मग जमातीचा दाखला चालेल का?" आजच्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. अर्जात खरे तेच लिहावे. खोटे लिहून मिळालेली मदत टिकत नाही आणि आपल्या साक्षीलाही डाग लागतो.

घराजवळचे मार्ग

रोज जाणे शक्यच नसेल तर दूरस्थ शिक्षण आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करते आणि त्याची अभ्यासकेंद्रे आपल्या भागातही आहेत. पत्रद्वारा शिकणाऱ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत फीची भरपाई आणि पुस्तकांसाठी वर्षाला १२०० रुपये अशी तरतूद आहे. निर्वाह भत्ता मात्र नाही. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये गडचिरोलीला स्थापन झाले, तेव्हापासून परीक्षेच्या आणि पदवीच्या कामासाठी नागपूरची फेरी वाचली. या विद्यापीठाने 'विद्यापीठ आपल्या गावात' हा उपक्रमही हाती घेतला आहे. शिक्षण अर्धवट सुटलेल्यांना गावातच पदवीचे शिक्षण मिळावे, हा त्याचा हेतू आहे. विद्यार्थ्याने चाळीस किलोमीटर जाण्याऐवजी शिक्षकाने जावे, हा विचार मला फार आवडतो. आपले काम त्याहून वेगळे कुठे आहे? सुवार्तेचे पाय नेहमी दुसऱ्याच्या दारापर्यंत चालत गेले आहेत.

आणखी एक तरतूद फारशी कोणाला माहीत नसते. महाविद्यालयाला वसतिगृहात जागा देता येत नसेल आणि किमान पाच विद्यार्थी एकत्र राहून एकच खानावळ चालवत असतील, तर अशा जागेची पाहणी करून तिला वसतिगृह म्हणून मान्यता देता येते. मग त्यांना घरून येणाऱ्याचा नव्हे, तर वसतिगृहाचा दर लागू होतो. आठवड्यातले चार दिवस राहू शकणाऱ्या स्त्रियांसाठी अशी खोली करता येईल का, याचा विचार आम्ही एका प्राचार्यांशी बोलून सुरू केला आहे.

आपली मदत कुठे लागते?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. सरकार फी देते, ही देवाची कृपाच समजू. पण फी आणि फाटक यांच्यामध्ये जो रस्ता आहे, त्याचे पैसे कोणी देत नाही. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकला आहे. त्या माणसाने जखमा बांधल्या, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेपर्यंत नेले आणि तिथल्या मुक्कामाचा खर्च स्वतः दिला. प्रवास आणि मुक्काम, हे दोन्ही त्याने आपले काम मानले. या दाखल्याकडे इतकी वर्षे मी असे पाहिलेच नव्हते.

म्हणून या वर्षी शिक्षण निधीतून आम्ही तीन गोष्टी करतो आहोत. पहिली, मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना जूनमध्येच पासाचे पैसे उसने देणे. शिष्यवृत्ती आली की ते जमेल तसे परत करतात आणि तेच पुढच्या ताईला मिळतात. दुसरी, जून-जुलैत दर शनिवारी कागदपत्रे तपासून देणे. तिसरी, परीक्षेच्या दिवसांत गडचिरोलीत राहण्यासाठी एखादे ख्रिस्ती कुटुंब शोधणे. कोण कोणत्या धर्माचे, हे यात आम्ही विचारत नाही. ज्यांच्या घरी एक खोली रिकामी आहे, त्यांनी आपल्या पाळकांकडे नाव द्यावे.

आमच्या ताईंनी शेवटी प्रवेश घेतला. रोज नाही, आठवड्यातून चार दिवस जातात. प्राध्यापकांनी समजून घेतले आहे. परतीची गाडी साडेचारची असल्यामुळे शेवटचा तास बुडतो. त्या तासाच्या वह्या बरोबरीची एक मुलगी, म्हणजे त्यांच्या लेकीच्याच वयाची म्हणा ना, फोनवर पाठवते. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, फाट्यापासून घरापर्यंत दोन मैल चालते ना, तेवढ्यात एक धडा पाठ होतो."

पहिल्या सत्राचा निकाल अजून लागायचा आहे. दोन विषयांची त्यांना भीती आहे.

प्रार्थनेसाठी विषय : ताईंच्या निकालासाठी आणि घरच्यांच्या सहकार्यासाठी. पावसाळ्यात नाले ओलांडून येणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी. अडलेल्या शिष्यवृत्त्या वेळेवर मिळाव्यात यासाठी. आणि नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वाटेवरची ही माणसेही यावीत यासाठी.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो.

तुमची ख्रिस्तातील बहीण