उष्णोदकाचे पृथक्करण : आकड्यांची परीक्षा

वज्रेश्वरी-गणेशपुरीसारख्या उष्ण झऱ्यांविषयी लिहिताना आपण जलपृथक्करणाचे तक्ते निःशंकपणे उद्धृत करतो. भूरसायनशास्त्रज्ञ अशाच आकड्यांवरून, संगणकीय प्रतिरूपाच्या साहाय्याने, भूगर्भात पाणी किती तापले असावे हे ठरवितात. परंतु आधी आकडे पारखून घेतात. सामू झऱ्यावरच मोजलेला हवा. नमुन्यातून कार्बन डाय-ऑक्साइड निसटला की सामू चढतो, आणि मूळ पाण्यात नसलेली चुन्याची अतिसंपृक्तता कागदावर दिसू लागते. धन व ऋण आयनांच्या विद्युत्‌भारांतील तफावत सामान्यतः ५ टक्क्यांच्या आत असावी. ती नेमकी शून्य आढळल्यास मात्र संशय घ्यावा! जुन्या तक्त्यांत सोडियम पुष्कळदा न मोजता वजाबाकीने काढलेले असे. इतर मोजणींतील सर्व चुका त्या एकाच आकड्यात साचत. रक्तदाबाच्या रुग्णास असे पाणी पिण्यास सुचविणाऱ्या वैद्यांनी निदान तेवढा आकडा नव्याने मोजवून घ्यावा.