ईस्टरच्या सुट्टीत मनीकडेही लक्ष असू द्या

ईस्टर जवळ आला की पिरनवाडीतली आपली घरं भरून जातात. गोव्याहून, मुंबईहून पाहुणे येतात, दारं दिवसभर उघडी असतात. या गडबडीत घरच्या मांजराकडे कोण बघणार?

पहिली गोष्ट फुलदाणीची. ईस्टरची पांढरी लिली मांजराला विष आहे. पान चावलं, अंगावर सांडलेले पराग चाटले, नाहीतर फुलदाणीतलं पाणी प्यालं, तरी दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. नुसता संशय आला तरी तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. वेळेत सलाईन लागलं तर जीव वाचू शकतो. मांजर असलेल्या घरी जाताना गुलाब नाहीतर जरबेरा न्यावा.

चॉकलेट, कांदा-लसणाचा रस्सा आणि शिजलेली हाडं मनीला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते. रिबिनी, दोरे गिळले तर आतड्यात अडकतात.

पाहुणे असताना आतल्या खोलीत पाणी, वाळूचा ट्रे, जुनी चादर ठेवून दार लावून घ्या. खेळायला पुठ्ठ्याचं खोकं आणि कागदाचा बोळा पुरे. दहा मिनिटं खेळवा, मग खायला द्या. बहुतेक वेळा पोट भरलं की ती निवांत झोपते.

गावाला जाणार असाल तर खाणं एकदम वाढून जाऊ नका, मुंग्या लागतात. किल्ली शेजाऱ्यांकडे द्या. त्यांनी ईस्टरला आपली मनी बघावी, दिवाळीत आपण त्यांची बघू. शेजारधर्म म्हणतात तो हाच की!