कानस मारायची की स्क्रू फिरवायचा?

1860 च्या कोल्ट आर्मी रिव्हॉल्व्हरला स्वतंत्र बॅकसाइट, म्हणजे नेम धरायची मागची खाच, नव्हतीच. घोड्याच्या, म्हणजे हॅमरच्या, टोकावरच ती कोरलेली असे. घोडा मागे ओढला की ती डोळ्यासमोर येई. 1873 मध्ये अमेरिकी सैन्याने कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी स्वीकारलं, तेव्हा ही खाच फ्रेमच्या वरच्या पट्टीत आली. नळीच्या टोकावर पातळ पात्याची माशी, म्हणजे फोरसाइट. ना स्क्रू, ना स्प्रिंग. घोडेस्वाराचं हे शस्त्र धूळ खाई, आपटे; म्यानात अडकेल किंवा मोडेल असं वर काही नसणं ही मोठीच सोय होती.

घोळ होतो तो काडतूस बदललं की. नेम धरताना नजर टार्गेटवर असते, पण नळी प्रत्यक्षात किंचित खाली रोखलेली असते. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग लागतो, आणि तेवढ्यातही धक्क्याने नळीचं तोंड उचललं जातं. ही उचल हिशेबात धरूनच माशी उंच ठेवलेली असते. जड, संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते म्हणून वर लागते. हलकी, वेगवान गोळी लवकर निसटते आणि जवळच्या अंतरावर खाली लागते. ऐकायला उलटंच वाटतं! 255 ग्रेन वजनाच्या गोळीला जुळलेलं .45 कोल्ट त्यामुळे हलक्या गोळीला जुळेलच असं नाही. शिवाय नेमबाजाची पकड सैल की घट्ट, यानेही फरक पडतो.

अशी फिक्स्ड, म्हणजे न हलणारी, साइट जुळवता येत नाही, हा समज मात्र मला पटत नाही. जुळवता येते, पण कानशीने आणि एकाच दिशेने. माशी घासून बुटकी केली की गोळी वर जाते. समजा माशी आणि खाचेतलं अंतर 8 इंच आहे, टार्गेट 25 यार्डांवर, म्हणजे 900 इंचांवर आहे आणि गोळ्या 4 इंच खाली लागताहेत. चारला आठाने गुणून नऊशेने भागलं की येतात 0.036 इंच. एक मिलिमीटरसुद्धा नाही! म्हणून जाणकार माणूस हिशेबापेक्षा कमीच घासतो, पुन्हा गोळ्या झाडून पाहतो, मग पुन्हा कानस हातात घेतो. गोळ्या डावीकडे जात असतील तर कारागीर नळीच फ्रेममध्ये केसभर फिरवतो, म्हणजे माशी डावीकडे झुकते.

हा खटाटोप नको असलेले लोक पूर्वीही होतेच. कोल्टने 1894 च्या बिस्ली मॉडेलची, जुळवता येणाऱ्या साइटची टार्गेट आवृत्ती काढली, ती नेमबाजीच्या सामन्यांसाठी. शिकारी आणि लेखक एल्मर कीथ याने 1929 मध्ये आपल्या खास बनवून घेतलेल्या .44 स्पेशल रिव्हॉल्व्हरविषयी लिहिलं. त्याच्या सपाट माथ्यावर सरकवता येणारी बॅकसाइट होती. कीथ काडतुसं स्वतः भरायचा, दारू आणि गोळी बदलून पाहायचा; त्याला एका काडतुसाशी बांधलेली साइट कशी चालावी? 1955 मध्ये बिल रुगरने ब्लॅकहॉक बाजारात आणलं: बांधा जुन्या कोल्टच्या वळणाचा, पण बॅकसाइट स्क्रूने वर-खाली आणि डावी-उजवी होणारी. गोळी जिकडे न्यायची तिकडे बॅकसाइट हलवायची, एवढं लक्षात ठेवलं की झालं. आणि गंमत अशी की याच रुगर कंपनीने 1993 मध्ये फिक्स्ड साइटचं व्हकेरो काढलं, कारण काउबॉय पद्धतीच्या स्पर्धांतल्या हौशी मंडळींना जुनं रूपच हवं होतं.

माझ्या मते निवड काडतुसांच्या डब्यांवरून करावी. डबा कायम एकाच प्रकारचा असेल तर फिक्स्ड साइट एकदा जुळवावी आणि विसरून जावी. दोन-तीन प्रकार आलटून-पालटून वापरायचे असतील, किंवा वयामुळे ती उथळ खाच दिसेनाशी झाली असेल, तर रुंद चौकोनी खाचेची ॲडजस्टेबल साइटच बरी. मात्र जोरदार काडतुसांच्या धक्क्यांनी तिचे स्क्रू ढिले होतात, ते अधूनमधून तपासावे लागतात.

जुनं फिक्स्ड साइटचं रिव्हॉल्व्हर विकत घेणाऱ्याने तर आधी माशीच पाहावी. ती घासलेली दिसली, तर आधीच्या मालकाने ते आपल्या काडतुसाला आणि आपल्या हाताला जुळवलेलं असणार. नव्या मालकाच्या गोळ्या वर जात असतील, तर कानशीचा काही उपयोग नाही. माशीवर धातू चढवावा लागतो, नाहीतर ती बदलावी लागते.