वाढीव ताकदीच्या गाड्या आणि विमा : एक मागोवा

मोटारगाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या इंजिनाची घनक्षमता, वजन, बांधणी आणि प्रदूषणाची पातळी यांची नोंद झालेली असते, आणि तिच्या विम्याचा हप्ता याच नोंदीच्या आधारे ठरतो. मालकाने पुढे इंजिनावर टर्बोचार्जर चढवला, इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाचे, म्हणजे ईसीयूचे, सॉफ्टवेअर बदलून घेतले किंवा मूळ स्प्रिंगांच्या जागी गाडी खाली आणणारे सस्पेन्शन बसवले, की प्रत्यक्ष गाडी आणि कागदावरची गाडी यांच्यात अंतर पडते. या अंतराचा विमा कसा उतरवायचा, हा प्रश्न भारतात मोटार विम्याइतकाच जुना आहे. त्याचा इतिहास पाहिला तर असे दिसते की बदल केलेल्या गाडीसाठी वेगळा दर लावण्याची मुभा विमा कंपन्यांना मिळाली, तोवर अशा बदलांना अधिकृत मान्यता देण्याची वाट वाहतूक कायद्याने बंद केलेली होती, आणि मालकांची आजची अडचण मुख्यतः यातूनच उभी राहिली आहे.

मोटार वाहन कायदा 1939 साली झाला आणि त्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण 1946 पासून लागू झाले. तेव्हापासून मोटार विम्याचे दोन भाग मानले जातात. गाडीमुळे दुसऱ्याच्या जीविताची किंवा मालमत्तेची हानी झाल्यास ती भरून देणारा, कायद्याने सक्तीचा असलेला भाग म्हणजे थर्ड पार्टी विमा. आणि अपघात, आग किंवा चोरी यांमुळे मालकाच्या स्वतःच्या गाडीचे होणारे नुकसान भरून देणारा ऐच्छिक भाग म्हणजे ओन डॅमेज विमा. वाढीव ताकदीच्या गाडीचा प्रश्न दोन्ही भागांत उद्भवतो, मात्र त्याचे स्वरूप वेगवेगळे असते. पहिल्या भागात रस्त्यावरच्या तिऱ्हाइताचे हित गुंतलेले असते, तर दुसऱ्यात मालकाने विमा कंपनीला काय सांगितले आणि काय सांगितले नाही याला महत्त्व येते.

1973 साली सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शंभरहून अधिक कंपन्यांचे चार सरकारी कंपन्यांत विलीनीकरण करण्यात आले. मोटार विम्याचे दर आणि अटी टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटी ही वैधानिक समिती ठरवत असे, आणि त्या दरपत्रकापासून ढळण्याची मुभा कोणत्याही कंपनीला नव्हती. त्या काळात रस्त्यावर प्रामुख्याने अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी याच गाड्या दिसत, आणि इंजिनाची ताकद वाढवण्याचा उद्योग चेन्नईजवळच्या शोलावरम धावपट्टीवरील शर्यती किंवा मुंबईच्या नझीर हुसेन यांनी 1980 मध्ये सुरू केलेली हिमालयन रॅली अशा स्पर्धांच्या वर्तुळापुरता मर्यादित होता. विमापत्राने शर्यत आणि वेगचाचणी संरक्षणातून वगळलेली असल्यामुळे स्पर्धक ती जोखीम आपल्या अंगावर घेत, आणि दैनंदिन वापराच्या गाडीच्या संदर्भात हा प्रश्न फारसा उपस्थित होत नसे.

मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये बाजारात आल्यानंतर गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली आणि पाठोपाठ ॲक्सेसरीजचा बाजारही वाढला. 1989 पासून अमलात आलेल्या 1988 च्या नव्या मोटार वाहन कायद्याने या घडामोडीला सुरुवातीला वाव दिला होता. त्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील, म्हणजे आरसी बुकातील, तपशील चुकीचा ठरेल असा बदल करण्यापूर्वी मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला कळवून मंजुरी घ्यायची होती. मंजुरीची ही वाट होती तोवर बदल आरसीवर चढवणे आणि त्या नोंदीच्या आधारे विमा कंपनीकडे जाणे निदान तत्त्वतः शक्य होते. 2000 सालच्या दुरुस्तीने ही वाट बंद केली. उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाने करूच नये, असा नियम आला, आणि सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी अशा वेगळ्या इंधनावर गाडी चालवण्यासाठी बसवायच्या मान्यताप्राप्त किटला मुख्यतः सूट मिळाली.

यानंतर दोनच वर्षांनी, 1 जुलै 2002 पासून, इंडियन मोटर टॅरिफ हे सुधारित दरपत्रक लागू झाले. खासगी गाडीच्या ओन डॅमेज हप्त्यासाठी त्यात तीन गोष्टी पाहिल्या जात: गाडीचे वय, नोंदणीचा विभाग आणि इंजिनाची घनक्षमता. मुंबई आणि पुणे हे जास्त दराच्या ‘अ’ विभागात होते, आणि तेथे पाच वर्षांच्या आतील, 1000 ते 1500 सीसी गाडीसाठी दर 3.283 टक्के होता. हा दर आयडीव्हीला, म्हणजे उत्पादकाच्या विक्री किमतीतून घसारा वजा करून काढलेल्या विमामूल्याला, लावला जाई. त्यामुळे पाच लाख रुपये आयडीव्ही असलेल्या गाडीचा मूळ हप्ता 16,415 रुपये येई. उत्पादकाच्या किमतीत समाविष्ट नसलेल्या ॲक्सेसरीजची किंमत जाहीर करून आयडीव्हीत धरता येत असे. म्युझिक सिस्टीमसारख्या विद्युत उपकरणांवर त्यांच्या मूल्याच्या 4 टक्के जादा हप्ता होता, सीएनजी किटवरही तेवढाच दर होता, आणि 1940 पर्यंतच्या व्हिंटेज गाड्यांना हप्त्यात 25 टक्के सवलत होती. ही बारकाईची मांडणी पाहिल्यावर तिच्यातली उणीव लगेच ध्यानात येते: किमतीत पडलेली भर मोजण्याची सोय त्या दरपत्रकात होती, ताकदीत पडलेली भर मोजण्याची मात्र नव्हती.

ही उणीव पुढे गंभीर झाली, कारण घनक्षमता आणि ताकद यांचे जुने नाते टर्बोचार्जरने तोडले. टर्बोचार्जर हा बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा असतो आणि तो इंजिनात दाबाने अधिक हवा कोंबतो, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरमध्ये अधिक इंधन जळते आणि इंजिनाची ताकद वाढते. फोक्सवॅगनची पोलो 2020 मध्ये 999 सीसीच्या टर्बो इंजिनासह आली तेव्हा तिची ताकद 110 पीएस होती, तर 998 सीसीच्या वॅगन आरची ताकद सुमारे 67 पीएस होती. सीसीच्या हिशेबाने मात्र दोघी एकाच गटात बसतात. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या थर्ड पार्टी दरांनुसार 1000 सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला 2,094 रुपये पडतात, 1000 ते 1500 सीसीला 3,416 आणि त्यावर 7,897. पोलोचा ईसीयू ‘स्टेज वन’ रिमॅप करून घेतला, म्हणजे कोणताही भाग न बदलता सॉफ्टवेअरनेच टर्बोचा दाब आणि इंधनाचे प्रमाण वाढवले, तरी या गटांत काहीही फरक पडत नाही, कारण सीसी तीच राहते.

1 जानेवारी 2007 पासून ओन डॅमेज विम्यावरचे दरनियंत्रण उठले आणि प्रत्येक कंपनीला स्वतःचा दर ठरवण्याचे स्वातंत्र्य मिळाले. वाढीव ताकदीच्या गाडीसाठी जास्त हप्ता आणि त्याबदल्यात पूर्ण संरक्षण देणारे विमापत्र या टप्प्यावर निर्माण होऊ शकले असते. परंतु आरसीशी विसंगत असलेल्या गाडीला उघडपणे संरक्षण देणे म्हणजे कायद्याला अमान्य असलेल्या बदलावर हप्ता घेणे ठरत होते, शिवाय अशा गाड्यांच्या अपघातांची वेगळी आकडेवारी असल्याखेरीज दर बांधता येत नाही. विमापत्राच्या अटींचा साचाही पुढे बराचसा जुनाच राहिला. आजही प्रपोजल फॉर्मवर विद्युत आणि इतर ॲक्सेसरीज तसेच सीएनजी किट यांच्यासाठी रकाने असतात. वाढलेल्या अश्वशक्तीसाठी सहसा रकाना नसतो.

2019 हे वर्ष या प्रवासात निर्णायक ठरले. त्या वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात कलम 52 चा अर्थ स्पष्ट केला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा गाडीच्या रचनेतील बदल मान्य होणार नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने कलम 182-अ आणले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या सगळ्याचा परिणाम दाव्याच्या वेळी प्रकट होतो. अपघातग्रस्त गाडी वर्कशॉपमध्ये आली की विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर बॉनेट उघडून चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी पडताळतो, फोटो घेतो आणि दुरुस्तीचा अंदाज तपासतो. मोठा इंटरकूलर, उघडा एअर फिल्टर, बदललेला डाउनपाइप किंवा उंची कमीजास्त करता येणारे कॉइलओव्हर सस्पेन्शन जाणकार नजरेला लगेच दिसते. रिमॅप डोळ्यांना दिसत नाही, पण शोधता येतो. विम्याचा करार परम सद्भावाच्या तत्त्वावर उभा असतो, म्हणजे जोखमीवर परिणाम करणारी प्रत्येक महत्त्वाची बाब विमा घेणाऱ्याने स्वतःहून सांगणे अपेक्षित असते. त्यामुळे न सांगितलेला बदल दावा नाकारण्याचे कारण म्हणून पुढे करता येतो. रिमॅपमुळे वाढलेल्या दाबाने पिस्टन वितळला, तर ते यांत्रिक बिघाडात मोडते, आणि तो मूळ विमापत्रातूनच वगळलेला असल्यामुळे भरपाईचा प्रश्न येत नाही. जाहीर न केलेले महागडे सुटे भाग आयडीव्हीत धरलेले नसतात, म्हणून त्यांची किंमत मिळण्याची अपेक्षा धरता येत नाही.

तथापि अटीचा भंग झाला म्हणजे सर्व काही बुडाले, असे न्यायालयांनी मानलेले नाही. खासगी गाडी भाड्याने वापरल्याच्या प्रकरणांत, 2008 च्या नितीन खंडेलवाल आणि 2010 च्या अमलेंदु साहू या निर्णयांत, सर्वोच्च न्यायालयाने दावा पूर्णपणे न फेटाळता ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने, म्हणजे 75 टक्क्यांपर्यंत रक्कम देऊन, मिटवण्याचा मार्ग स्वीकारला. ती प्रकरणे तांत्रिक बदलांची नव्हती. पण चोरीसारख्या घटनेचा अटीच्या भंगाशी संबंध नसेल तर तो भंग गैरलागू ठरतो, हा त्यांतला विचार बदल केलेल्या गाडीच्या मालकालाही विमा लोकपालापुढे किंवा ग्राहक आयोगापुढे मांडता येण्याजोगा आहे.

इतर देशांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. जर्मनीत सुट्या भागासोबत तांत्रिक प्रमाणपत्र येते, मान्यताप्राप्त तपासनीस तो बसवलेला पाहून मान्यता देतो आणि गरजेनुसार तो बदल गाडीच्या कागदपत्रांत चढतो. ब्रिटनमध्ये बदल केलेल्या गाड्यांचाच विमा काढून देणारे मध्यस्थ दीर्घकाळ काम करीत आहेत, आणि तेथील 2012 च्या ग्राहक विमा कायद्यानुसार माहिती निष्काळजीपणे चुकीची दिली गेली असेल व खरी माहिती कळली असती तर कंपनीने जास्त हप्ता घेतला असता, तर दाव्याची रक्कम त्या प्रमाणात कमी केली जाते. दोन्ही ठिकाणी बदल आधी कागदावर येतो आणि मग त्याची किंमत ठरते.

भारताला असा मार्ग अपरिचित नाही. सीएनजी आणि विद्युत रूपांतरणाच्या किटची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात, आरटीओ त्यांची नोंद आरसीवर घेते आणि विमा कंपनी एन्डॉर्समेंट, म्हणजे विमापत्राला जोडलेली अधिकृत पुरवणी, देते. 2019 च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला बदलांचे निकष आणि अटी ठरवण्याचा अधिकारही दिला आहे. तो अधिकार वापरून ब्रेक, सस्पेन्शन आणि इंजिन यांच्यासाठी चाचणीवर आधारलेली मान्यतापद्धत उभी करावी, कारण आज मालकाला बदल लपवण्याचे कारण पुरवले जाते आणि लपवलेल्या बदलाची तपासणी कोणीही करीत नाही, याची झळ रस्त्यावरच्या इतरांनाही बसू शकते. तोवर गाडीधारकांनी आरसीशी विसंगत ठरणारे बदल रस्त्यावरच्या गाडीत करू नयेत, जे कायदेशीररीत्या चालते त्याची पावती जपावी, ते लेखी कळवून एन्डॉर्समेंट मागून घ्यावी, आणि विमापत्रावर जे छापलेले नाही ते आपल्याला मिळणार नाही असे गृहीत धरूनच गाडी बाहेर काढावी.